मला सडाही हवा आणि समुद्रही



आपल्या माणसाने घर कुठे घ्यावं याची उत्तरं ठरलेली आहेत. कामाजवळ, मुलांच्या शाळेजवळ, नाहीतर आपल्या चार लोकांच्या सोबतीने. छंदाजवळ घर घ्यावं असं म्हणणारं माणूस मी तरी आपल्यात पाहिलेलं नाही. त्यामुळे मी पुणे सोडून सिंधुदुर्गात भाड्याचं घर शोधायला लागलो आणि कुणी कारण विचारलं की 'मातीत मोटरसायकल चालवता यावी आणि समुद्रात स्कूबा डायव्हिंग करता यावं म्हणून' असं खरं ते सांगायला लागलो, तेव्हा कार्यकर्ते मित्र माझ्याकडे बघत राहिले. एकाने तर अभ्यासवर्गातच सुनावलं, "शिष्यवृत्त्या अडकल्यात, सरकारी नोकऱ्या संपत चालल्यात, आणि याला पाण्याखालचे मासे बघायचेत!"

त्याचा राग खोटा नाही. शिष्यवृत्त्या अडकलेल्याच आहेत. पण त्या रागाखाली एक समजूत दडलेली आहे आणि तिच्याशी माझं भांडण आहे. मजा, खेळ, साहस, निवांतपणा हे सगळं दुसऱ्यांचं. आपल्या वाट्याला फक्त संघर्ष. ही वाटणी कुणी केली? आपण तर केलेली नाही. मग ती आपण एवढ्या निष्ठेने का सांभाळायची?

बाबासाहेबांचंच उदाहरण घेऊ. परळच्या बीआयटी चाळीत कितीतरी वर्षं काढल्यानंतर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. ते कशासाठी? कुटुंबाला जागा हवी होती हे खरंच, पण मुख्य म्हणजे पुस्तकांना जागा हवी होती. आपल्याला ज्याची ओढ आहे त्याच्याभोवती घर उभं करणारा माणूस आपल्याला ठाऊक आहे. उतारवयात ते व्हायोलिन शिकायला बसले होते. तेव्हा 'प्रश्न पेटलेले असताना व्हायोलिन कसलं' असं कुणी विचारलं असेल, तर त्या प्रश्नाचं जे व्हायचं तेच माझ्या मित्राच्या प्रश्नाचं व्हायला हवं. माझी ओढ पुस्तकांइतकी थोर नाही, हे मान्य. पण ओढ थोर असली तरच तिला हक्क, असा नियम सवर्णांच्या पोरांना कुणी लावत नाही.

माझं गाव मराठवाड्यात. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे नट-बोल्ट आणि ग्रीसचा वास घरातलाच. मोटरसायकल मला लवकर आली. पोहणं मात्र मी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी शिकलो, पुण्यात महापालिकेच्या तलावावर, शाळकरी पोरांच्या रांगेत उभा राहून. गावात विहिरी नव्हत्या असं नाही. भरपूर होत्या, पायऱ्यांच्या, खोल, उन्हाळ्यात पोरांनी गजबजलेल्या. त्या आमच्या नव्हत्या. आई म्हणायची, "पाण्याच्या वाटंला जाऊ नको." तिला पाण्याची भीती नव्हती, काठावर बसलेल्यांची होती. ही भीती जुनी झाली म्हणाल तर जून 2018 आठवा. जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात विहिरीत पोहले म्हणून अल्पवयीन मुलांना नागवं करून मारलं आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरवला. आणि मोटरसायकलचं म्हणाल तर फेब्रुवारी 2025 मध्ये तामिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेटवरून घरी निघालेल्या दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो याचा राग होता, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं.

आता एक गंमत सांगतो. गंमत म्हणायला जीभ धजत नाही, तरी सांगतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि 26 जानेवारी 2016 पासून ती लागू झाली. तिच्यातलं कलम 3(1)(झेडए) उघडून वाचा. पहिल्याच पोटकलमात नदी, ओढा, झरा, विहीर, तळं, नळ, स्नानाचा घाट, रस्ता यांचा वापर इतरांच्या बरोबरीने करू न देणं हा गुन्हा आहे. त्याच्या खालच्याच पोटकलमात सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटरसायकल चालवायला, पायात चप्पल-बूट घालायला, नवे कपडे घालायला अडवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. म्हणजे ज्या दोन गोष्टींना माझे मित्र 'चोचले' म्हणतात, पाण्यात उतरणं आणि मोटरसायकलवर बसणं, त्या दोन्हींसाठी या देशाच्या संसदेला फौजदारी कलम लिहावं लागलं, आणि तेही एकाखाली एक. तेव्हा हे चोचले आहेत की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

आता जागेचं बघू. मातीची मोटरसायकल आणि समुद्राखालचं पोहणं या दोन्हींना एकत्र जमेल अशी जागा भारतात शोधायला लागलात की पटकन लक्षात येतं, एक असतं तिथे दुसरं नसतं. अंदमानचं पाणी सगळ्यात नितळ. पण तिथली बरीचशी जमीन राखीव जंगल आहे, मुख्य रस्ताच जारवा लोकांच्या राखीव क्षेत्रातून जातो, आणि त्यांच्या घरात मोटरसायकल घेऊन धुडगूस घालावा असं कुठल्याही आंबेडकरवाद्याला वाटू नये. कर्नाटकात मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट डायव्हिंगला उत्तम, पण माझी सगळी ओळखदेख महाराष्ट्रात. पुदुच्चेरीला समुद्र आहे, चढउतार नाहीत. गोव्यात ग्रांडे बेटाजवळ बुडालेली जहाजं बघता येतात आणि मागे सह्याद्रीही आहे, पण तिथली भाडी ऐकून मी फोन ठेवला. पुण्याभोवती मातीच्या वाटा हव्या तेवढ्या, समुद्र नाही. मुंबईला समुद्र आहे, पण त्यात डोळे उघडून काही दिसत नाही.

पुण्यात राहून शनिवार-रविवारी मालवणला का जात नाहीस, असंही विचारलं गेलं. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, हे एक कारण. दुसरं कारण शरीराचं आहे आणि ते नवख्यांना माहीत नसतं. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो आणि सिलिंडरमधल्या हवेतला नायट्रोजन रक्तात, मांसात विरघळत राहतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण निघायच्या आत उंचावर गेलात तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तसं अंगात होऊ शकतं. म्हणून दोन-तीन डुबक्यांनंतर किमान 18 तास विमान नको, असं प्रशिक्षणात शिकवतात, आणि घाट चढून उंचावर जातानाही सांभाळायला सांगतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर आहे. रविवारी सकाळी तारकर्लीला डुबकी आणि संध्याकाळी घाट चढून पुणं, हा कार्यक्रम दर आठवड्याला करण्यात शहाणपण नाही. याच कारणाने आंबोली-चौकुळकडे घर घेण्याचा मोहही सोडावा लागला. तिकडच्या वाटा मोटरसायकलवाल्याला वेड लावतील अशा, पण प्रत्येक डुबकीनंतर घाट आहेच. तेव्हा घर हवं ते घाटाच्या खाली.

घाटाखालचा कुडाळ-मालवणचा पट्टा मला जमला. मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग 1987 साली घोषित झाला. क्षेत्र लहान, तिशीच्या आतलं चौरस किलोमीटर, पण प्रवाळ आहे, मासे आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचे खडक आहेत. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं. चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःचा हातही अंधुक. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. हंगाम ऑक्टोबर ते मे. जून ते ऑगस्ट समुद्र बंद. आणि नेमका समुद्र बंद झाला की माती सुरू होते. तांबडी जांभ्याची माती पावसात जी काही घसरते, तिच्यावर उभं राहून, गुडघ्यांत टाकी धरून, क्लच अर्धवट सोडत चढ चढण्यात जे सुख आहे ते शब्दांत सांगायला जाऊ नये. माझ्याकडे जुनी घेतलेली एक्सपल्स आहे. जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच, दोनशे सीसीची, नंबरप्लेट असलेली. खऱ्याखुऱ्या डर्ट बाइकची आरटीओत नोंदणीच होत नाही, ती पिकअपमध्ये घालून न्यावी लागते, आणि पिकअप बाळगणाऱ्या वर्गात आपण नाही.

सड्यांबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर वाचून उद्या कुणी टोळकं घेऊन जाईल. कोकणातले हे कातळ उघडेबोडके दिसतात, पण ओसाड नाहीत. पावसात त्यांच्यावर इवल्या फुलांचे गालिचे उगवतात, आणि राजापूर-रत्नागिरीपासून मालवण तालुक्यातल्या कुडोपीपर्यंत अनेक सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत. त्यातली काही 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. माणसाने जात शोधून काढण्याच्या कितीतरी आधीची ती रेघ आहे. तिच्यावरून टायर घालणारा माझा मित्र नव्हे. मी बंद पडलेल्या चिरेखाणींच्या वाटा आणि खाडीकाठच्या गाडीवाटा धरतो, आणि तिथेही कुणाची जागा आहे ते आधी विचारतो. खोती पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1937 साली विधिमंडळात विधेयक आणलं, 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्या मुलखात जमीन कुणाची हा प्रश्न न विचारता गाडी घालणं मला तरी जमत नाही.

तर जागा ठरली. घर ठरायचं होतं.

माझ्या गरजा साध्या. गाडीला छप्पर, कारण खारा वारा चेन आणि स्पोक महिन्याभरात गंजवतो. वेटसूट, रेग्युलेटर धुवायला गोडं पाणी, कारण प्रत्येक डुबकीनंतर मीठ धुऊन काढलं नाही तर रबर चिरतं आणि झडपा अडकतात. सावलीत सामान वाळवायला पडवी. कामासाठी इंटरनेट. वहीत एकूण 17 नंबर जमा झाले.

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. कोकणात 'कर' म्हणजे कुणीही असू शकतो. त्यामुळे आडनावावर चौकशी थांबत नाही, पुढे सरकते. मूळ गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला? मग शेवटचा, अगदी आपुलकीच्या आवाजातला प्रश्न: "कुलदैवत खंयचा तुमचा?" मी सांगायचो, आमच्यात कुलदैवत नसतं. पलीकडे थोडी शांतता, आणि मग, "मगे सांगतंय." हे 'मगे' कधी आलं नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. पुण्यात निदान 'फक्त शाकाहारी' ही पाटी तरी लावतात. इथे मासे सगळेच खातात, त्यामुळे ती आडपडद्याची सोयसुद्धा नाही.

दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांवर सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. फोनवरून चौकशी केली तेव्हा सवर्ण नावांना जो नकार मिळाला नाही तो दलित आणि मुस्लिम नावांना मिळाला, मुस्लिमांना सर्वांत जास्त. त्यात नवीन काही नाही असं आपल्याला वाटतं. 1917 साली बडोद्यात परदेशात शिकून आलेल्या अधिकाऱ्याला पारशी सराईतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं होतं, तेव्हापासून आपल्याला हे पाठच आहे. पण पाठ असणं वेगळं आणि सतराव्यांदा फोन लावताना बोट थांबणं वेगळं.

सातवं की आठवं घर असेल. समुद्रापासून दहा मिनिटं, मागे माड, पडवी मोठी, गाडीला शेड. घरमालकीणबाई बोलायला चांगल्या. मी बौद्ध आहे हे त्यांना आधीच सांगितलं होतं, तरी घर दाखवायला तयार झाल्या, म्हणून मी खूश. सगळं ठरलं. अनामत रक्कमही ठरली. वेटसूट धुवायला पाणी लागेल म्हटल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "विहिरीवर तुम्ही येऊ नका हां. पाण्याचं आम्ही बघू. पंप लावून टाकीत सोडू."

मी म्हटलं, "वहिनी, वरच्या खोलीतले भाडेकरू पाणी कुठून काढतात?"

"ते विहिरीवरूनच. पण ते आमच्यातलेच."

किती सोयीचं होतं बघा. मला पाणी शेंदावंही लागणार नव्हतं. पंप त्यांचा, वीज त्यांची. माझ्या एका नातेवाइकाने नंतर म्हटलंसुद्धा, अरे पाणी तर मिळत होतं ना? मिळत होतं. महाडलाही पाणी मिळतच होतं, दुसरीकडचं. 20 मार्च 1927 ला हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली ती तहान लागली म्हणून गेली नव्हती. आणि ते तळं सार्वजनिक आहे हे हायकोर्टात ठरायला 1937 उजाडलं. दहा वर्षं कागद फिरले ते एका घोटासाठी नव्हे. 1934 साली वेरूळ आणि दौलताबादचा किल्ला बघायला बाबासाहेब सहकाऱ्यांसह गेले होते, सहलच होती ती. किल्ल्याच्या दारातल्या हौदावर धुळीने भरलेले हातपाय धुतले म्हणून तिथे त्यांना घेरलं होतं. सहलीला गेलेल्या आपल्या माणसाचंही भांडण शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबतं. मी त्या बाईंना नमस्कार केला आणि अनामत न देता निघालो.

याच्यात एक विसंगती आहे, ती मला हसवतेही. स्कूबाला येणारे पर्यटक जे रेग्युलेटर तोंडात धरतात ते भाड्याचं असतं. सकाळपासून त्याच नळीतून कितीतरी लोकांनी श्वास घेतलेला असतो. मध्ये औषधाच्या पाण्यात बुचकळलं की पुढच्याच्या तोंडात. ज्या समाजात चहाचा कप वेगळा ठेवला गेला, ज्या समाजात विहिरीला सावली चालत नाही, तिथली माणसं पैसे देऊन, फोटो काढत, कुणाचं उष्टं आहे हे न विचारता ती नळी दातांत धरतात. कारण पाण्याखाली दुसरा इलाज नाही. हवा संपली तर बडीची राखीव नळी तोंडात घ्यायची, हा तर पहिल्या दिवसाचा धडा. म्हणजे विटाळ हा काही श्रद्धेचा अटळ भाग नाही. जिवावर बेतलं किंवा मजा करायची असली की तो बाजूला ठेवता येतो. जिथे ठेवत नाहीत, तिथे ठेवायचा नसतो म्हणून ठेवत नाहीत.

आता कायद्याचं. घर नाकारण्याविरुद्ध कायदाच नाही, असं आपले पुष्कळ कार्यकर्ते समजतात. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आहेत. भाड्याचं घर नाही. सहकारी सोसायटीने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवावं की नाही हा वाद सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा 2005 साली पारशी सोसायटीचा तो नियम कोर्टाने मान्य केला. बडोद्याच्या सराईनंतर 88 वर्षांनी, आणि योगायोग असा की प्रकरण पुन्हा पारशी निवासाचंच. पण नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 काढून बघा. त्याच्या चौथ्या कलमात, कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधणं, घेणं किंवा तिथे राहणं याला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. बाराव्या कलमाप्रमाणे पीडित अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं न्यायालयाने गृहीत धरायचं आहे, उलट सिद्ध होईपर्यंत. शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे रुपये! मालवणात पर्यटकाला एका डुबकीला याहून जास्त मोजावे लागतात.

मी तक्रार केली का? नाही केली. 'मगे सांगतंय' या दोन शब्दांवर कुठला पोलीस गुन्हा लिहून घेईल? आणि विहिरीच्या बाईंनी तर घर नाकारलंच नव्हतं, घर द्यायलाच त्या तयार होत्या. म्हणून माझं म्हणणं असं की चळवळीने घराच्या प्रश्नाला हात घालायचा तर थोरातांच्या अभ्यासासारखं काम आपल्या गावांत, आपल्या शहरांत करायला हवं. एकाच घरासाठी दोन फोन, दोन नावं, दोन्हींची नोंद. एकट्याचा नकार हवेत विरतो. शंभर नकार तारीखवार कागदावर आले तर बोलता येतं. आपल्याकडे विद्यार्थी आहेत, फोन आहेत, सुट्ट्या आहेत. मोर्चापेक्षा खर्च कमी.

मित्रांनी सुचवलेला सोपा उपाय होता: बौद्धवाडीत घर बघ, प्रश्नच मिटला. बौद्धवाडीत मी राहिलो, महिनाभर, एका कार्यकर्त्याच्या घरी, आणि त्यांच्या पाहुणचाराला तोड नाही. पण माझ्या निवडीने राहणं आणि दुसरीकडे कुणी घेत नाही म्हणून राहणं यांत फरक आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलतील. वाडी गावाच्या ज्या टोकाला आहे ते टोक पाटीने हलत नाही.

तिथे राहताना एक गोष्ट जाणवली आणि ती मनातून जात नाही. डर्ट बाइकवाला नकाशात काय शोधतो? डांबर जिथे संपतं ती जागा. मी अशा वाटा शोधत फिरायचो आणि बऱ्याचदा त्या वाटेच्या टोकाला आपलीच वाडी निघायची, नाहीतर धनगरवाडा. गावापर्यंत डांबर, देवळापर्यंत डांबर, आणि पुढचा अर्धा-एक किलोमीटर पावसात वाहून जाणारा. माझ्यासाठी तो खेळ. त्याच उतारावरून बाळंतीण खाली आणताना चार माणसांचे पाय घसरतात. वाडीतल्या एका आजोबांनी मला विचारलं, "ह्या वाटेवर मुद्दाम येतास?" मी हो म्हटलं. ते हसले, बराच वेळ हसले, आणि म्हणाले, "मग ग्रामसेवकाक पण एकदा मागे बसवून हाड." पुढच्या ग्रामसभेत रस्त्याच्या अर्जाला मी काढलेले फोटो जोडले. तो रस्ता झाला तर माझी एक उत्तम चढण जाईल. जाऊ दे.

घर शेवटी मिळालं. कुडाळ आणि मालवणच्या मधे, रस्त्यापासून आत. तोवर मी पद्धत बदलली होती. फोन उचलला की पहिलं वाक्य: "जय भीम, मी बौद्ध आहे, चालत असेल तर घर बघायला येतो." वेळ वाचतो. खानावळ चालवणाऱ्या एका बाई पलीकडून म्हणाल्या, "चलता. मोटारसायकल रात्री आवाज करता काय?" मी म्हटलं, दहानंतर लावणार नाही. "आणि तांबडो चिखल खळ्यात हाडू नकात." एवढ्या दोनच अटी. विहीर घराच्या मागे आहे आणि राहाट मी ओढतो. याच्यावरून कोकण बदललं असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, वहीत 17 नंबर होते.

राहता राहिला मित्राचा मूळ प्रश्न, चळवळीचं काय. मालवणच्या किनाऱ्यावर स्कूबाच्या होड्यांवर काम करणारी पोरं बहुतेक किनाऱ्यावरच्याच मच्छीमार घरांतली आहेत, आणि ते योग्यच आहे; समुद्रावर पहिला हक्क त्यांचा. पण हा धंदा वाढतोय. पुढे प्रशिक्षक लागतील, होडी सांभाळणारे लागतील, पाण्याखाली चित्रीकरण करणारे लागतील. पाच-सात किलोमीटर आतल्या आपल्या वाड्यांतली पोरं त्या रांगेत का नाहीत? कारण तिथल्या कितीतरी पोरांना पोहताच येत नाही. स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. तिथेच ती गळतात, समुद्र दिसायच्या आधी. बार्टी स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेते, पोलीस भरतीची करून घेते. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत पोहण्याचं आणि डायव्हिंगचं प्रशिक्षण तिने का देऊ नये? सामाजिक न्याय विभागाचा निधी दरवर्षी वळवला जातो म्हणून आपण ओरडतो. मग तो कशावर खर्च व्हावा याची आपली यादी इतकी ठरीव का असावी? हे निवेदन मी लिहून ठेवलं आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा.

तोवर थांबायचं कारण नाही. वाडीतली नऊ मुलं आणि चार मुली यायला तयार आहेत. मुलींच्या आयांनी घातलेली अट एकच, सोबत एक बाई हवी. ती मिळाली आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका, त्यांनाही शिकायचं आहे. पाऊस संपून खाडीचं पाणी निवळलं की ओहोटीच्या वेळा बघून सुरुवात करू. चौदा जॅकेट लागतील, सहा आहेत.